सातबारा वाचायला लॉ कॉलेजात कोण शिकवतं?

कायद्याच्या शिक्षणाबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला शेतजमिनीच्या दाव्यांतच वकिली करायची आहे. पण अभ्यासक्रमात जमीन कायद्याला फार जागा नाही. एवढ्यावर कोणी तज्ज्ञ होतं का, की पुढे एलएलएम करावं?
– एक पालक, दिंडोरी

उत्तर : पेपरवर होत नाही, आणि एलएलएमनेही होत नाही. एलएलएम पुढे शिकवायचं असेल तर कामाचं. प्रांतांसमोरच्या (उपविभागीय महसूल अधिकाऱ्यांसमोरच्या) सुनावणीत त्याचा फारसा आधार मिळत नाही. मुलीचं खरं शिक्षण दडलंय ते विद्यार्थी ज्यांना नुसतं ‘प्रॅक्टिकल’ म्हणून हातावेगळे करतात त्या पेपरांत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी असे चार पेपर सक्तीचे केले आहेत : मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, तडजोड-लवाद, आणि मूट कोर्ट (सरावाचं लुटुपुटीचं कोर्ट) व इंटर्नशिप.

मसुदालेखनात 15 मसुदे कोर्टकामाचे (वादपत्र, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर, जामीन अर्ज) आणि 15 दस्तांचे (खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र वगैरे). प्रत्येकी 3 गुण, तोंडी परीक्षेला 10. या मसुद्यांची वही, म्हणजे जर्नल, आधीच्या बॅचकडून आणून उतरवून काढायची जुनी चाल आहे, आणि ते लपतही नाही. अटकपूर्व जामिनाच्या अर्जावर अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 438 दिसतं. 1 जुलै 2024 पासून तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 482 आहे. मुलीला सांगा, तीसपैकी निदान दहा मसुदे खऱ्या सातबाऱ्यावरून लिही, फक्त नावं बदल.

त्यासाठी आधी सातबारा वाचता यायला हवा. आजचा उतारा घ्यायचा, त्यावरच्या प्रत्येक फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांकाची नोंद काढायची, आणि एकेक करत मागे निदान 30 वर्षांपर्यंत जायचं. सोबत दुय्यम निबंधकांकडचा इंडेक्स दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध. दोन्ही साखळ्या समोरासमोर ठेवल्या की कुठे कडी तुटलीय ते दिसतं. नवशिके तीन ठिकाणी हमखास घसरतात. ‘इतर हक्क’ हा रकाना ते वाचतच नाहीत. कूळ, बोजा, नवीन शर्त (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) हे सगळं तिथेच असतं. वारसनोंदीत फक्त भावांची नावं असली तरी त्यांना काही खटकत नाही. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, त्यामुळे नुसत्या भावांच्या सह्यांचं खरेदीखत पुढे दाव्यात अडकतं. तिसरं खास आपल्या नाशिक जिल्ह्याचं. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण पट्ट्यात जमीन आदिवासी खातेदाराची आहे का, हे पहिल्यांदा बघायचं. तसं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर आदिवासीला देता येत नाही, आणि विक्रीच्या परवानगीला शासनाची मान्यताही लागते. पैसे किती मोजले याने फरक पडत नाही.

याहून महाग पडते ती चुकीच्या दारात जाण्याची चूक. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. नोंद चुकीची मंजूर झाली असेल तर त्याच संहितेच्या कलम 247 खाली प्रांतांकडे 60 दिवसांत अपील. मालकीच वादात असेल तर दिवाणी न्यायालय. कलम 155 फक्त लेखनप्रमादासाठी आहे. तरीही मालकीच्या भांडणात ‘चूक दुरुस्ती’चे अर्ज पडतात, ते फेटाळले जाईपर्यंत अपिलाची मुदत उलटून जाते, आणि मग विलंबमाफीचा अर्ज लिहीत बसावं लागतं.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, पण एका वर्षात सलग चारच्या वर नाही. एक तुकडा दिवाणी दावे चालवणाऱ्या वकिलांकडे, एक महसुली काम करणाऱ्यांकडे, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात असा वाटून घ्यावा. डायरीत ‘कोर्टात गेले, कामकाज पाहिले’ एवढंच लिहिण्यात अर्थ नाही. एकच फाईल धरावी : वादपत्र, कैफियत, मुद्दे, निशाण्या (पुराव्यात दाखल कागद), सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास. रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, वाचला की प्रत्येक तारीख का पडली ते कळतं, आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

प्रश्न : बीएस्सी करून लॉ करतोय. नाशिकला राहून पेटंटचं काम मिळेल का?
– विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे, आता पेटंट कार्यालयाची परीक्षा द्यावी लागेल. त्यासाठी दावे, म्हणजे शोधाची हद्द आखणारी वाक्यं, लिहायचा सराव आत्तापासून करा. एकही शब्द जास्त पडला तरी संरक्षण आकसतं. पण इथे जास्त काम ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकनाचं आहे. लासलगावचा कांदा, नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन, येवल्याची पैठणी या सगळ्यांना मानांकन आहे. मानांकन मिळतं उत्पादकांच्या संस्थेला. प्रत्येक विणकराला किंवा बागायतदाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती करून देणारा जाणकार वकील लागतो, आणि या कामाला विज्ञानाची पदवी लागत नाही.

प्रश्न : एलएलबी होताच न्यायाधीशाची परीक्षा देता येते ना? क्लास लावू का?
– विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या (वकिलीच्या नोंदणीच्या) दिवसापासून मोजली जातात, न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. अट जाचक वाटेल, पण उलटतपास न पाहिलेल्या न्यायाधीशासमोर उभं राहणाऱ्या पक्षकाराच्या जागी बसून बघा. सनदेनंतरची बार कौन्सिलची परीक्षा मात्र रेंगाळू देऊ नका : 100 प्रश्न, सोबत टिपा नसलेलं मूळ कायद्याचं पुस्तक चालतं. अनुभवाचा दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा, किंवा दहा वर्षं झालेल्या वकिलांचा आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्यांच्या दुजोऱ्याचा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वकालतनाम्यावर सिनिअरसोबत स्वतःचं नाव घाला आणि आपण उभ्या राहिलेल्या तारखांची वही ठेवा. क्लास वकिलीच्या तिसऱ्या वर्षी लावला तरी चालेल.