नाही म्हटलं तर गर्व होतो का?

“मंडळीतलं (चर्चमधलं) एखादं काम नाकारलं की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. हा गर्व तर नाही ना?” प्रश्न विचारणाऱ्या बाई 52 वर्षांच्या. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, वर चर्चमध्ये संडे स्कूल (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग), महिला मंडळाचा हिशेब आणि दर रविवारी उपासनेनंतरचा चहा. लीन माणूस नाही म्हणत नाही, हे त्यांचं ठाम मत. घरी गेल्यावर मात्र राग निघायचा मुलीवर.

अशा वेळी उपदेश नंतर, वही आधी. 14 दिवस, तीन रकाने: काम, लागलेला वेळ, आणि ते करताना मनात आलेलं पहिलं वाक्य. आठवड्याला सरासरी 19 तास निघाले. खरा बोलका तिसरा रकाना. मुलांना गोष्ट सांगितली, त्यापुढे ‘वेळ कसा गेला कळलं नाही’. चहापुढे दोन्ही रविवारी ‘मी नसले म्हणजे कळेल यांना’. हे वाक्य थकव्याचं नाही, हिशेबाचं आहे. आपल्यावाचून अडतं ही भावना सेवेच्या पदराआड फार सहज लपते, आणि ती सुखावतेही.

बायबलमधलं फिलिप्पै 2:4 त्यांना पाठ होतं, पण पाठ असलेलंच नीट वाचलं जात नाही. आपले‘च’ हित पाहू नका, दुसऱ्याचे‘ही’ पाहा, असं तिथे आहे. ‘च’ आणि ‘ही’ गाळले की वचन पार बदलतं. योहान 13 मध्येही येशू शिष्यांचे पाय धुतो त्याआधीचं वाक्य महत्त्वाचं: आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःला कमी लेखून तो कमरेला रुमाल बांधत नाही. आणि मार्क 1 मध्ये लोक शोधत असताना तो दुसऱ्या गावांकडे निघतो, हेही त्याच येशूचं वागणं.

मग वाटणी. निर्गम 18 मध्ये एकट्याने लोकांचे निवाडे करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो. चहासाठी चौघी पुरल्या, महिन्याला प्रत्येकीचा एक रविवार, पाचवा आला तर चौघी मिळून. पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगायचं वाक्य आधी मोठ्याने म्हणून घेतलं: “पुढच्या महिन्यापासून मी एकच रविवार करीन.” पुढे कारण जोडायचं नाही. सासूबाईंचं नाव काढलं की समोरचा तोडगा सुचवतो, आणि आपण पुन्हा ‘बरं, बघते’वर येतो.

फसलं ते दुसऱ्या रविवारी. चहात साखर जास्त पडली, आणि या स्वयंपाकघरात शिरून पातेलं हातात घेऊन उभ्या! दुसरीने केलेलं काम थोडं बिघडू देणं हा या साऱ्यातला सर्वात अवघड भाग. म्हणून पहिले सहा आठवडे, आपली पाळी नसेल तेव्हा, उपासना संपताच थेट घरी, असं ठरलं. अपराधीपणा लगेच जात नाही. तो येणार हे धरूनच चालायचं. (झोप उडणं, उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवावं, ते प्रार्थनेच्या आड येत नाही.)

एक गोष्ट उशिरा कळली. गुडघा धरला तेव्हा मंडळीतल्या एकीने डबा पाठवला होता. बाईंनी त्याच संध्याकाळी लंगडत शिरा केला आणि डबा भरून परत धाडला. घेणं जमतच नव्हतं. “तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीत” म्हणणारा शिष्य पेत्र नम्रच दिसतो, पण येशू त्याला तिथेच अडवतो. पुढच्या वेळेसाठी काम एवढंच दिलं: आलेला डबा घासून, रिकामा परत करायचा. आपल्याकडे रिकामा डबा देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी, असं त्या कितीतरी वेळ पटवत राहिल्या.

पुढचा डबा आला. आठ दिवस ओट्यावर पडून होता. नवव्या दिवशी तो परत गेला, रिकामा, आणि त्यांनी तो मुलीच्या हाती दिला नाही, स्वतः नेला.