गाडीच्या ॲम्पचा गेन फुल ठेवला तर चालतो का? सबचा आवाज फाटतो आणि वास येतो

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला १२ इंची सब (बेस वाजवणारा मोठा स्पीकर, सबवूफर) आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवून घेतला, बसवणाऱ्याने गेन फुल करून दिला आणि आता आवाज वाढवला की बेस फाटतो, डिकीतून जळका वास येतो. आधी गेन खाली आणा, आजच. तो वास व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं, तापल्याचा आहे आणि असंच वाजवत राहिलात तर सब जाणार.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे खरंच कोणी सांगत नाही. हेड युनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) आरसीए वायरीतून, म्हणजे ॲम्पकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वायरीतून, २ व्होल्ट देतंय की ४, त्याप्रमाणे ॲम्पचं इनपुट जुळवायला तो स्क्रू असतो. ॲम्पची ताकद गेनने वाढत नाही, फुल ठेवला तर एवढंच होतं की व्हॉल्यूम अर्ध्यावर असतानाच ॲम्प आपल्या टोकाला पोचतो आणि त्यापुढे लाटेचे माथे सपाट कापले जातात, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण कापलेली लाट तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट पॉवर देते, म्हणजे २५० वॅटचा ॲम्प पूर्ण कापला गेला तर २५० वॅटच्या सबला जवळपास ५०० वॅट झेलावे लागतात. सबपेक्षा थोडा कमी वॅटचा ॲम्पही सब जाळू शकतो तो असाच.

आता सेट कसा करायचा. साधा मल्टीमीटर पुरतो. गेन कमीत कमी, बेस बूस्ट शून्य, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट, आणि सबची वायर ॲम्पमधून काढून ठेवा, तिची टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागू देऊ नका. ५० हर्ट्झचा ० डीबी टोन (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला एकसुरी आवाज) पेनड्राइव्हवर घ्या, ब्लूटूथ नको. इंजिन चालू ठेवा म्हणजे बॅटरीला साधारण १४ व्होल्ट मिळतात, पण बंद गॅरेजमध्ये नको, गाडी अंगणात काढा. व्हॉल्यूम पाऊण भागावर न्या, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. कुठे थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॅट आरएमएस (सतत झेपणारे खरे वॅट) आणि ४ ओहम असेल तर १००० चं वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. मी तर २८-२९ लाच थांबा म्हणेन, फरक कानाला कळतसुद्धा नाही. ॲम्प आणि सब यात ज्याचे आरएमएस वॅट कमी तोच आकडा धरायचा, डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले मॅक्स वॅट विसरा. आणि व्हॉल्यूमची ती खूण लक्षात ठेवा, त्याच्या वर कधीच न्यायचं नाही.

एक गोष्ट मल्टीमीटर दाखवत नाही, ती म्हणजे क्लिपिंग. ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाटेचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसतं. ॲम्पचे वॅट खोटे छापलेले असतील तर हिशोबाच्या व्होल्टला पोचण्याआधीच तो क्लिप होईल. म्हणून ॲम्पच्या फ्यूजकडे बघा: २० ॲम्पिअरचा फ्यूज आणि डब्यावर १००० वॅट असेल तर तो आकडा खोटा, कारण २० गुणिले १४ म्हणजे २८० वॅट आत जाणार, त्यातलेही थोडे उष्णतेत जाणार.

नंतर बेस बूस्टला हात लावू नका. ६ डीबी वाढवलं की पॉवर चौपट मागितली जाते, सगळी मेहनत फुकट. जुनी नाट्यगीतं हळू आवाजात रेकॉर्ड केलेली असतात, ती कमी ऐकू येतील, तरी त्यांच्यासाठी गेन वाढवू नका.

आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ग्राउंडचा (ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडणारा) बोल्ट गंजतो, पावसाळा संपला की तो खोलून खालचा रंग खरवडून घट्ट करा. मोठ्याने वाजवताना मीटर डीसीवर करून बघा, बॅटरीवर १४ आणि ॲम्पवर १२ येत असेल तर दोष वायर किंवा ग्राउंडचा आहे, आणि तो काढल्याशिवाय गेन कितीही नीट लावला तरी आवाज फाटणारच. मेन वायरवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे ना तेही बघा, नसेल तर तो आधी बसवा, मग बाकीचं.

सबची कॉइल सिंगल आहे की डबल आणि कशी जोडलीय ते सांगा, २ ओहम पडत असेल तर वरचा ३१.६ चा आकडा चालणार नाही, २२.४ धरावा लागेल.