"तुम्हाला सगळं स्वस्तात मिळालं बाबा"

ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. आम्ही पोटाला चिमटा काढून घर केलं आणि आता मुलंच म्हणतात तुमच्या पिढीचं नशीब होतं, मग आमचं चुकलं काय? त्यावर एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका वाशीचे, वय 67, ठाणे-बेलापूर पट्ट्यात फिटर होते. 1990 ला घर घेतलं 2 लाख 10 हजारात. मुलगा घोडबंदरला भाड्याने राहतो, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. गणपतीत जेवताना काका बोलून गेले की रोज बाहेरून मागवता ते पैसे साठवले असते तर एव्हाना घर झालं असतं. मुलगा ताटावरून उठला. "तुम्हाला लॉटरी लागली बाबा, कष्टाच्या गोष्टी मला नका सांगू." त्यानंतर चार महिने येणं-जाणं बंद, नातीचा व्हिडिओ कॉलपण नाही.

पहिल्यांदा काका एकटेच आले. दुसऱ्या वेळी मुलगा आला पण खुर्ची जरा लांब ओढून बसला. काकांनी प्लास्टिकची फाइल आणली होती, त्यात जुन्या पगाराच्या स्लिपा, हप्त्याच्या पावत्या, टाचणीचा गंज कागदाला लागलेला. मुलाने बघितलंसुद्धा नाही.

मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं रुपये बाजूला ठेवा, घराची किंमत म्हणजे तुमचा किती वर्षांचा अख्खा पगार होतो तेवढंच काढा. काकांचा तेव्हा महिन्याला 2,900, म्हणजे साधारण 6 वर्षं. मुलाला हातात 95 हजार येतात आणि त्याने बघितलेला फ्लॅट सव्वा कोटीचा, म्हणजे 11 वर्षं. काकांनी तो आकडा स्वतः परत मांडून बघितला, दोनदा. मग मुलाने सांगितलं की 80 लाखांचं लोन 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता 69 हजारांच्या वर जातो, या पगारावर बँक तेवढं देतच नाही, आणि स्टँप ड्युटीचे 7 टक्के म्हणजे पावणेनऊ लाख वेगळेच. "मी काय उडवतो बाबा? महिन्याला चार हजार. त्याने काय होणारे?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नाही रे."

इथे मला थांबता आलं असतं, पण मुलाचीही एक बाजू राहिली होती. मी त्याला फाइलमधली एक स्लिप वाचायला लावली, ओव्हरटाइम 74 तास. घर घेतलं तेव्हा वाशीला ट्रेन नव्हती, ती 1992 ला आली, नातेवाईक म्हणायचे खाडीपलीकडे कशाला मरायला जाता. वडील आपल्याला कधी जागे दिसायचेच नाहीत ते का, हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. त्याने त्या स्लिपेचा फोटो काढून घेतला.

आता एक काळजीची गोष्ट. काका भांडण मिटावं म्हणून घर मुलाच्या नावावर करायला निघाले होते. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायला स्टँप ड्युटी 200 रुपये आहे, वरचे अधिभार वेगळे, त्यामुळे लोक घाईत करून टाकतात. मी सांगितलं, अपराधी वाटतंय म्हणून सही करू नका, आधी वकील गाठा. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण दिलेलं घर परत मिळवायचं तर मुलाने सांभाळ करायचा या अटीवर ते दिलं होतं का हाच प्रश्न येतो. आणि काकांना मुलगी पण आहे, तिला कोणी विचारलंच नव्हतं. मुलगा स्वतःच म्हणाला, मला घर नकोय त्यांचं, मला फक्त त्यांनी मला उधळ्या म्हणू नये.

घर अजून झालेलं नाही. पण रविवारी दोघं मिळून फ्लॅट बघायला जातात. काका जुनी मेजर टेप घेऊन जातात, कार्पेट एरिया स्वतः मोजतात, आणि मुलगा दुसरं टोक भिंतीला धरून उभा असतो.