आधी डॉक्टर, मग ट्रायल

प्रश्न : आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, गेली चौदा वर्षं सिडनीत पॅरामॅटाजवळ राहतो. मुलगा पंधरा पूर्ण, दहावीत आहे. रग्बी लीग फार छान खेळतो. हॅरोल्ड मॅथ्यूज कप या कुमार स्पर्धेच्या संघासाठी नुकतीच त्याची ट्रायल झाली. माझ्या वडिलांनी माझी कबड्डी बंद करून मला इंजिनीअरिंगला घातलं, ते मी विसरलेलो नाही. म्हणून घरच्यांचा विरोध पत्करून मी ठरवलंय, दहावीनंतर त्यानं शाळा सोडून पूर्णवेळ तयारी करायची. वर्षभरात त्याचं वजन बारा किलो वाढवलं आहे. एनआरएल, म्हणजे इथली व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धा, नाही जमली तर भारताकडून ऑलिंपिक आहेच. मध्यंतरी सामन्यात दोनदा डोक्याला लागलं, दुसऱ्या वेळी दोन दिवस मळमळत होतं. पण ट्रायल आठवड्यावर आली होती म्हणून कोचना सांगितलं नाही. हल्ली मात्र अभ्यासात लक्ष नाही, डोकं दुखतं म्हणून दिवा बंद करून पडून असतो, आईवर चिडतो. एकाग्रतेसाठी काही उपाय सुचवा. आणि शाळा सोडण्याचा निर्णय बरोबर आहे ना?
– एक वडील, सिडनी

उत्तर : शाळेचं नंतर बोलू. तुम्ही जाता जाता लिहिलेल्या डोक्याच्या माराबद्दल आधी बोलायला हवं, कारण तुमचं पत्र वाचल्यापासून मला तेवढंच दिसतंय.

दोनदा डोक्याला मार. दोन दिवस मळमळ. तरी आठवड्याच्या आत ट्रायल. आणि आता डोकेदुखी, उजेड नकोसा होणं, चिडचिड. यावर तुम्ही एकाग्रतेचा उपाय विचारताय. ही कन्कशनची, म्हणजे मारानं मेंदूला बसलेल्या धक्क्याची, लक्षणं असू शकतात. ती आहेत की नाहीत हे मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. उद्याच्या उद्या त्याला डॉक्टरकडे न्या, दोन्ही वेळा काय झालं ते तारखांसकट सांगा आणि काहीही झाकू नका. तोवर सराव नाही, जिम नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, तो नीट जागा होत नाही असं वाटलं, तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

तुमच्या देशातली २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं या वयाच्या मुलांसाठी स्पष्ट आहेत. सगळी लक्षणं गेल्यानंतर चौदा दिवस काढायचे, मगच अंगाला अंग भिडणारा सराव. आणि मार लागल्यापासून किमान एकवीस दिवस सामना नाही. एनआरएलमध्ये तर मैदानाच्या कडेला डॉक्टर उभा असतो, तरी कन्कशन झालेल्या कसलेल्या खेळाडूला २०२३ पासून साधारणपणे अकरा दिवस बाहेर बसावं लागतं. तुमचा मुलगा आठवड्याभरात पुन्हा टॅकल करत होता, म्हणजे समोरच्याला धरून पाडत होता. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर या वयात मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीवही जाऊ शकतो. क्वचित घडतं, पण घडतं. दूरचे परिणाम वेगळेच. नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज या एनआरएल क्लबला २०१५ चं विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक पॉल ग्रीन स्वतः अनेक वर्षं हा खेळ खेळलेले होते. २०२२ मध्ये, ४९ व्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार मार बसलेल्यांमध्ये दिसणारा, मेंदूची झीज करणारा हा आजार आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. या खेळातल्या मोठ्या माणसांनी ही गोष्ट किती गांभीर्यानं घ्यायला सुरुवात केली आहे ते तुम्हाला कळावं, म्हणून सांगते. कोचनाही आजच कळवा. निवड गेली तर जाऊ द्या.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या पत्रात 'मी ठरवलंय' आहे, 'वजन वाढवलं आहे' आहे, तुमच्या वडिलांबद्दलचा राग आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. त्याला कोणत्या जागेवर खेळायला आवडतं, त्याचे मित्र कोण, सामना हरल्यावर तो काय बोलतो, ट्रायलला तो स्वतः उत्साहानं गेला की तुम्ही नेलंत, यातलं काहीच मला कळलं नाही. मार लागल्याचं कोचना न सांगण्यात त्याचं मत विचारलं होतं का, हेही नाही. डॉक्टर-इंजिनीअरचा हट्ट धरणाऱ्या पालकांची पत्रं मला नेहमी येतात, तुम्ही त्यांच्यातले नाही असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. वडिलांनी तुमच्यासाठी इंजिनीअरिंग ठरवलं, तुम्ही त्याच्यासाठी रग्बी ठरवलंत. पंधरा वर्षांच्या पोराला वडिलांची अपुरी राहिलेली कबड्डी पुरी करायची आहे, हे ओझं ऐंशी किलोच्या टॅकलपेक्षा जड आहे. तुमचं कबड्डीचं दुःख खरं आहे आणि मला ते समजतं. कबड्डी खेळलेल्या माणसाला हा खेळ आवडणारच, समोरच्याला धरून पाडण्याची तीच मजा त्यात आहे. पण ते दुःख तुमचं आहे, त्याचं नाही.

एक मोठा गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. 'भारताकडून ऑलिंपिक' हा मार्ग तुम्ही समजता तसा नाही. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमून वेगळी चूल मांडली. गिरणी-खाणीतल्या खेळाडूंची सामन्यासाठी मजुरी बुडायची, तिची भरपाई द्यायला मूळ संघटना तयार नव्हती, हे त्यामागचं कारण. पुढे त्यांचे नियमही बदलले आणि त्यातून रग्बी लीग हा तेरा जणांचा, सहा टॅकलांचा स्वतंत्र खेळ झाला. ऑलिंपिकमध्ये आहे ते रग्बी सेव्हन्स, म्हणजे दुसऱ्या घराण्याचं, रग्बी युनियनचं सात जणांचं रूप. भारतात वर्षानुवर्षं खेळली जाते ती युनियन, आणि २०२५ मध्ये मुंबईत सुरू झालेली रग्बी प्रीमियर लीग नावात 'लीग' असूनही सेव्हन्सचीच. लीगमधला मुलगा सेव्हन्स शिकू शकतो, कौशल्य बरंचसं कामी येतं, पण तो वेगळा सराव आणि वेगळी निवड. त्यावर पासपोर्ट. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट हवा असं सरकारनं २००८ मध्ये ठरवलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तेव्हा एनआरएल हुकली तर सहज हाती येईल अशी ही राखीव जागा नाही, हे मनातून काढून टाका.

वजनाबद्दल. पॅसिफिक बेटांवरच्या घरांतली मुलं त्याच्या वयात थोराड दिसतात, म्हणून तुम्ही घाईला आलात हे कळतं. पण काही मुलं लवकर भरतात, काही उशिरा. जोनाथन थर्स्टनला तरुणपणी 'अंगानं लहान' म्हणून क्लबांनी नाकारलं होतं. पुढे तो या खेळातल्या सर्वश्रेष्ठ हाफपैकी, म्हणजे संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडूंपैकी, एक झाला आणि ग्रीन यांच्या त्या २०१५ च्या संघाचा सहकर्णधारही होता. मॅथ्यूज कप सतरा वर्षांखालचा आहे. त्यानंतर पुढच्या वयोगटाची एसजी बॉल स्पर्धा, मग एकवीस वर्षांखालचा जर्सी फ्लेग, मग न्यू साउथ वेल्स कप. पंधराव्या वर्षी दार बंद होत नाही. बारा किलो कशानं वाढवलंत हे पत्रात नाही. बाहेरून मागवलेली कुठली पावडर असेल तर ती डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत बंद ठेवा. उत्तेजकांच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, डबा कोणी आणून दिला ते विचारत नाहीत. क्रोनुला शार्क्स या एनआरएल क्लबच्या आजी-माजी खेळाडूंवर २०१४ मध्ये बंदी आली, तेव्हा आपल्याला काय दिलं जातंय हे माहीत नव्हतं असंच त्यांचं म्हणणं होतं.

शाळा सोडायची नाही. न्यू साउथ वेल्समध्ये दहावीनंतरही सतरा वर्षं पूर्ण होईपर्यंत शिक्षण, मान्य प्रशिक्षण किंवा पगारी काम यांपैकी काहीतरी करावंच लागतं. खाजगी ट्रेनरकडचा घाम त्यात धरत नाहीत. एनआरएलचे सध्या सतरा क्लब, प्रत्येकाचा तीस जणांचा मुख्य संघ, म्हणजे साऱ्या मिळून पाचशेच्या वर थोड्या जागा. पर्थ आणि पापुआ न्यू गिनीचे संघ आल्यावर जरा वाढतील. त्या तिसात शिरलेल्याला पैसा चांगला आहे, २०२३ मध्ये किमान वेतनच वर्षाला १ लाख २० हजार डॉलर होतं. पण गुडघ्याच्या एका दुखापतीनं कारकीर्द संपू शकते, आणि तिशीच्या अलीकडे-पलीकडे बहुतेकांना दुसरं काम शोधावंच लागतं. एचएससी करू दे, टेफ म्हणजे सरकारी व्यवसाय-शिक्षण, फिजिओथेरपी, स्पोर्ट्स सायन्स हे सगळे रस्ते त्यानंतरही उघडे आहेत. जॉर्ज पेपोनिस ग्रीसमध्ये जन्मले, स्थलांतरित घरात वाढले, सिडनीच्या कँटरबरी क्लबकडून खेळत असतानाच डॉक्टर झाले आणि ऑस्ट्रेलियाचे कर्णधारही झाले. काळ वेगळा होता, तेव्हा नोकरी सांभाळूनच खेळत. तरीही शिक्षण आणि हा खेळ एकमेकांचे वैरी आहेत ही समजूत चुकीची आहे.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपेपर्यंत घरात रग्बीचा विषय काढू नका. त्याच्या आईचं म्हणणं ऐका. पत्रात तुम्ही त्याला 'विरोध' म्हटलंय, मला ती काळजी वाटते. मग एक दिवस मुलाला विचारा की त्याला खेळायचं आहे का, आणि 'नाही' आलं तर त्याच दिवशी ते मान्य करा. 'हो' आलं तर डॉक्टरांच्या परवानगीनंतर त्याच्या नेहमीच्या क्लबात, त्याच्या मित्रांबरोबर खेळू दे, शाळेसह. पुढचं पत्र त्यानं लिहावं. मराठी लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल, मी त्यालाच उत्तर देईन.