छोट्या हत्तीला हायब्रीड किट लावलं आणि आता फिटनेस अडकलाय

तुमचा मेसेज दोनदा वाचला. पेट्रोलवरचा छोटा हत्ती, हप्ते अजून चालू, गॅरेजवाल्याने मागच्या बाजूला मोटर आणि हौद्याखाली बॅटरी बसवून दिली, रात्री चार्जिंगला लावायची, पेट्रोल खरंच कमी लागायला लागलं म्हणून तुम्ही खूश, आणि आता पासिंगला नेली तर इन्स्पेक्टर म्हणतो ही गाडी आरसीप्रमाणे नाहीये. गॅरेजवाला म्हणतो आरटीओचं तुमचं तुम्ही बघा. पैसे परत मिळतील का, आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का, असं विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, उभी करा. मालवाहू गाडीला फिटनेस (पासिंगचं प्रमाणपत्र) नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे तिची नोंदणीच वैध धरत नाहीत. वर परवानगीशिवाय बदल केला म्हणून कलम १८२-ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गॅरेजवाल्याने केलं हे खरं, पण हे पोटकलम मालकाला धरतं. आणि दंडाचं सोडा हो, उद्या वायरिंगमधून आग लागली तर विमावाले आधी आरसी मागणार, त्यात किटचा उल्लेख नाही म्हटल्यावर क्लेम अडवायला त्यांना आयतंच कारण मिळालं.

आता तुमचा मित्र जे म्हणतो की सुप्रीम कोर्टाने गाडीत काहीही बदलायला बंदी घातलीय, ते अर्धं खरंय. जानेवारी २०१९ चा निकाल आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून लांब जाणारा बदल चालणार नाही असा. पण ज्या कलम ५२ वर तो निकाल आहे त्यातच बॅटरी, सीएनजी वगैरेसाठी कन्व्हर्जन किट बसवायची वाट ठेवलेली आहे. फक्त किटला टाइप अप्रूव्हल, म्हणजे ते मॉडेल तपासून दिलेली मंजुरी, हवं (हायब्रीड रेट्रोफिटचं, म्हणजे चालू गाडीला नंतर किट बसवण्याचं, मानक एआयएस-१२३, त्यात ३५०० किलोपर्यंतच्या गाड्यांचा भाग वेगळा), ते एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन तपासणी एजन्सीकडून मिळतं, किट बनवणाऱ्याने नेमलेल्या माणसानेच ते बसवायचं, आरटीओची मंजुरी घ्यायची आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत आरसी नोंदीसाठी द्यायची. कर्ज आहे म्हणून फायनान्सवाल्यांची लेखी संमतीही लागेल.

म्हणून सगळं येऊन अडतं एका कागदावर. गॅरेजवाल्याकडे अप्रूव्हल सर्टिफिकेटची कॉपी लेखी मागा. असेल तर उशीर झाला तरी नोंद करून घ्यायचा रस्ता आहे, थोडा दंड बसेल. पण खरं सांगू का, बिलाचा फोटो बघून मला आशा वाटत नाही. त्यावर नुसतं 'इलेक्ट्रिकल काम व बॅटरी, लेबरसहित' लिहिलंय, किटचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. अप्रूव्ह्ड किट विकणारा असं बिल कशाला बनवेल?

एजंट म्हणाला ना, किट काढून पासिंग करा आणि परत लावा, ते अजिबात करू नका. आत्ता तुम्ही फसलेले गिऱ्हाईक आहात, तसं केलंत तर जाणूनबुजून करणारे व्हाल आणि कोर्टात तोंड उघडायला जागा उरणार नाही.

सर्टिफिकेट नसेल तर गॅरेजवाल्याला नोटीस आणि मग पैसे परत मिळवायला जिल्हा ग्राहक आयोग. गाडी धंद्याची आहे म्हणून गॅरेजवाला हरकत घेईल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच धरला जातो, तुमची एकच गाडी आणि चालवताही तुम्हीच, म्हणजे बाजू चांगली आहे. मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. गॅरेजवाल्याचा तो व्हॉट्सअ‍ॅप, 'पासिंगला काय प्रॉब्लेम येत नाय, आपली जबाबदारी', तो सोन्यासारखा जपा, फोन बदलू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे फोनमधल्या पुराव्यासाठीचं, सर्टिफिकेट लागेल ते आपण करू.

अजून एक, रिकामी गाडी वजनकाट्यावर घालून पावती घ्या. आरसीवरचं रिकामं वजन आणि पावतीवरचं यातला फरक म्हणजे बॅटरी-मोटरचं वजन, तेवढा माल तुम्ही कमी भरायला हवा होता आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पावती घेतल्यावरच किट उतरवा, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून, हाय व्होल्टेजचं काम येणाऱ्याकडूनच. आणि उतरवलेली बॅटरी गॅरेजवाल्याला लेखी पोच घेतल्याशिवाय परत द्यायची नाही.