मोझांबिकची तूर आपल्या मुळावर आली का?

प्रश्न : आमच्या शेतात तूर, घरात तूर, तरी सरकार आफ्रिकेतल्या मोझांबिकशी करार करून तूर आणते. त्यांच्या मैत्रीचा भुर्दंड आम्ही का भरायचा?
– एक शेतकरी, काटोल

उत्तर : भाऊ, तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारात उभा आहे.

मी नागपूरच्या इतवारी बाजारात डाळीची दलाली केली. बर्मेची लेमन तूर मिलवाले पटकन उचलत. मोझांबिकची ‘गजरी’ तूर मात्र भाव पाडूनच मागत. म्हणजे तिचं कौतुक मला आहे असं समजू नका.

करार झाला तो घाबरून. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ 200 रुपये किलोला टेकली होती. जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला गेले आणि ठरलं : पहिल्या वर्षी 1 लाख टन, वाढवत 2020-21 पर्यंत 2 लाख टन. ओळख अर्थात जुनी. मोझांबिक 1975 मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला, त्याच वर्षी आपले राजनैतिक संबंध जुळले. तिथल्या रोवुमा खोऱ्यातल्या गॅसच्या एका मोठ्या क्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांचा मिळून 30 टक्के हिस्सा आहे. 2019 मध्ये इदाई चक्रीवादळ आलं तेव्हा बैरा बंदरात आपल्या नौदलाची जहाजं मदतीला पोचली होती. दिल्लीच्या हिशेबात तूर एकटी नसते.

आणि वेळ बघा. त्यांची तूर ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास निघते, आपली डिसेंबर-जानेवारीत. जुना माल संपत आलेला, नवा शेतात उभा, अशा वेळी ती बंदरात उतरते. कागदावर हे शहाणपणाचंच होतं.

बिघडलं ते नंतर. 2016-17 ला आपल्याकडे तूर उदंड पिकली आणि भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली गेला. रांगा, बारदाना नाही, तुम्हाला ते वर्ष मी काय सांगू! ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने आयातीला वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातला माल त्यातून वगळला, तरी खाजगी व्यापार आखडला आणि तिकडे भाव कोसळला. तिथले लोक तूर फारशी खात नाहीत. बहुतेक छोटे शेतकरी ती आपल्यासाठीच पेरतात. म्हणजे त्या वर्षी काटोलचा शेतकरीही बुडाला आणि मोझांबिकमधल्या नांपुलाचाही.

आता मुख्य गोष्ट. 2021 मध्ये तो करार 2 लाख टनांवरच पुढे पाच वर्षं वाढवला. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात सरकारने तुरीची आयात सगळ्यांनाच मोकळी केली आणि पुढे मुदत वाढवतच राहिलं. 2024-25 मध्ये सुमारे 12 लाख टन तूर आली. त्यातले करारातले 2 लाख बाजूला काढा, उरलेले कुणाच्या मैत्रीचे? त्या हंगामात हमीभाव 7,550 होता आणि बाजार त्याखाली घसरला. मला विचाराल तर ऐन आपल्या आवकेत शुल्कमुक्त दार उघडं ठेवणं ही शुद्ध हलगर्जी आहे, आणि तिचं खापर मापुतोवर फुटतं.

तेव्हा खासदाराला निवेदन द्याल त्यात ‘मोझांबिकचा करार रद्द करा’ असं लिहू नका. डिसेंबर ते मार्च तुरीवर आयात शुल्क लावा, असं लिहा. आणि माल विकायला काढण्याआधी शुल्कमुक्त आयातीची मुदत कधी संपते, ते नागपूरच्या कळमना बाजारातल्या तुमच्या अडत्याला विचारून घ्या.