स्पॅनिश शिकतोय. नामाआधी 'एल' लावायचं की 'ला', हे कसं ओळखायचं?

आपण तीन लिंगं सांभाळतो, तिथे नामांना दोनच: पुल्लिंगीला 'एल', स्त्रीलिंगीला 'ला'. शेवटी 'ओ' असेल तर बहुधा 'एल' (एल लिब्रो, पुस्तक), 'आ' असेल तर 'ला' (ला कासा, घर). मराठीतलं लिंग मात्र तिकडे नेऊ नका. आपला हात पुल्लिंगी, त्यांची 'ला मानो' स्त्रीलिंगी, तीही ओकारान्त! 'एल दिआ' (दिवस) आणि 'एल प्रोब्लेमा' याच्या उलट, आकारान्त असून पुल्लिंगी.

मला सगळ्यात जास्त छळलं ते पाण्याने. 'आग्वा' स्त्रीलिंगी, पण पहिल्याच 'आ'वर जोर येतो म्हणून एकवचनात 'एल आग्वा'. विशेषण तरी स्त्रीलिंगीच: 'एल आग्वा फ्रिआ', गार पाणी. अनेकवचनात पुन्हा 'लास आग्वास'. वहीत नुसतं 'मानो' लिहूच नका, 'ला मानो' असंच लिहा.